केळणेचा उतार

नदी पायी ओलांडता येते त्या जागेला आमच्याकडे ‘उतार’ म्हणतात. ‘पुढं उतार हाय का?’ असं कुणी विचारलं, की पाण्यात बैल घालता येतील का, एवढंच त्याला हवं असतं. माझे आजोबा, तात्या, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात जन्मभर बैलगाडी हाकत हिंडले. बाजार, सोयरीक, माहेरी आणायच्या लेकी, सगळं त्याच गाडीनं. मी सात-आठ वर्षांची असेन, त्यांच्या शेजारी पुढं बसले होते. अनोळखी वाट होती, नदी आडवी आली आणि मी घाबरून त्यांचा हात धरला. तात्यांनी कासरा ओढला. पाण्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, पलीकडच्या झाडीतल्या धाब्याच्या घरांकडे बोट केलं. ‘ह्या कडंला गाव, त्या कडंला गाव. मधी उतार असल्याबिगर लोक अशी आमोरासमोर ऱ्हात नसतेत, बाई.’ आणि बैल पाण्यात घातले.

पुढं पंचवीसेक वर्षांनी एका वाचनालयात मी असईच्या लढाईबद्दल वाचत बसले होते. असई आमच्या गावापासून फार लांब नाही. शाळेत ते नाव एका ओळीत येऊन गेलं होतं: १८०३, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा पराभव. आता सविस्तर वाचत होते, आणि एका परिच्छेदावर अडकले. सेनापती आर्थर वेलस्ली केळणा नदीच्या दक्षिण काठावर उभा आहे. पलीकडे शिंद्यांची फौज. समोरच्या उतारावर त्यांच्या तोफा रोखलेल्या आहेत, तिथून जाणं म्हणजे माणसं मारून घेणं. वाटाडे सांगताहेत की खाली दुसरा उतार नाही. वेलस्लीला दूर दोन गावं दिसतात, एक या काठाला, एक अगदी समोर त्या काठाला. पिंपळगाव आणि वरुड. तो मनाशी म्हणतो, दोन्ही काठांना इतक्या जवळ माणसांनी वस्ती केली आहे, त्यांचं येणं-जाणं असणारच, आणि येणं-जाणं असेल तर वाट असणारच.

म्हातारपणी त्यानं स्वतःच हे सांगून ठेवलं आहे. मी पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तात्यांचं वाक्य एका इंग्रज सेनापतीच्या तोंडी ऐकून मला नक्की काय वाटलं, हे मला अजूनही एका शब्दात सांगता येत नाही. त्यानंतर मी त्याची पत्रं वाचायला लागले. लढायांच्या वर्णनांसाठी नव्हे. या माणसाला आमची जमीन इतकी कशी कळली, ते शोधायला.

आर्थर वेलस्ली १७६९ साली डब्लिनमध्ये जन्मला. खानदानी घरातला, पण मोठा मुलगा नव्हे, आणि लहानपणी त्याच्याकडून कुणाला फारशी आशा नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणे सैन्यातले हुद्दे पैसे मोजून घेत तो ३३व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १७९७ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. भाऊ वर बसला होता म्हणून आर्थरला संधी मिळाली, हे त्याच्या काळातले लोकही उघड बोलत. ते खरंच होतं. संधी मिळालेल्या प्रत्येकाला ती पेलता येत नाही, हेही तितकंच खरं.

पहिल्यांदा त्यालाही पेलली नव्हती. १७९९ च्या एप्रिलमध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात सुलतानपेठच्या झाडीवर रात्री हल्ला करायची कामगिरी त्याच्याकडे आली. जागा दिवसा पाहिलेली नव्हती. काळोखात पलटणीचे लोक भरकटले, काही टिपूच्या हाती लागले आणि जिवानिशी गेले. वेलस्लीच्या गुडघ्याला मार लागला. त्यानंतर त्यानं ठरवून टाकलं की उजेडी पाहणी केल्याशिवाय, सावध बसलेल्या शत्रूवर रात्री चालून जायचं नाही. केळणेच्या काठी दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून गावं न्याहाळणारा माणूस मला त्या काळोख्या रात्रीतूनच आलेला वाटतो.

टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टणचा कारभार त्याच्याकडे आला. १८०० मध्ये त्यानं धोंडजी वाघाचा पाठलाग केला. धोंडजी मूळचा मराठा, टिपूच्या कैदेतून सुटलेला आणि स्वतःला इहलोक-परलोक दोन्हींचा राजा म्हणवून घेणारा. या पाठलागात वेलस्लीला काही मराठी सरदारांची साथ होती, कारण धोंडजीनं त्याच उन्हाळ्यात धोंडोपंत गोखल्यांना मारलं होतं. धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले त्यामुळे इंग्रजांच्या बाजूनं उतरले. १० सप्टेंबरला धोंडजी मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबतखान सामानात लपलेला सापडला. वेलस्लीनं त्याला सांभाळलं आणि पुढे हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. शत्रूचं पोर कुणी असं सांभाळलं की त्या माणसाचा राग धरणं अवघड होतं. मला तरी झालं.

पण त्याची पत्रं उघडली की सगळ्यात जास्त भेटतात ते बैल.

शंभर-दोनशे पानं वाचली तरी बैल संपत नाहीत. बैल किती आहेत, किती मेले, चारा कुठे आहे, हाकणारा माणूस धड आहे की नाही, खांद्याला गळू झालेल्या बैलाला ओझं का लादलं. चांगले बैल, ते नीट हाकणारे लोक आणि त्यांची निगा यांच्यावाचून फौज वेगानं हलवता येत नाही, असं तो पुन्हा पुन्हा लिहितो. हैदर आणि टिपूनं म्हैसूरकडे तोफा ओढण्यासाठी खास बैल पोसले होते, टिपूनं त्या खात्याला अमृतमहाल असं नाव दिलं होतं. त्या बैलांची वेलस्लीला पारख होती. म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या त्याला मागून रसद पुरवत. आणि तांदूळ-गहू वाहून आणायला लमाण होते. पाठीवर गोण्या लादलेले बैलांचे तांडे घेऊन लमाण बायकापोरांसह फौजेच्या मागे चालायचे. वेलस्लीनं त्यांच्याशी आधी बोलणी करून ठेवली होती आणि त्यांनी आणलेलं धान्य तो घेत असे. त्यांचा तांडा मागे पडला तर तो स्वतः पत्र लिहून चौकशी करायचा.

तात्या रात्री उठून बैलांना चारा घालायचे. आजी म्हणायची, लेकरापेक्षा ह्यांना बैलाची काळजी जास्त. तात्यांचं उत्तर एकच, बैल बसला तर लेकरू काय खाईल? वेलस्लीची पत्रं वाचताना मला सतत हेच ऐकू येत होतं. एका परक्या सेनापतीच्या पत्रात आपल्या घरातलं शहाणपण भेटावं आणि ते शहाणपण आपल्याच लोकांना हरवायला वापरलेलं असावं, ही माझी खरी वेदना आहे. तीच सांगायला मी हे लिहायला बसले.

कारण हे शहाणपण मुळात इथलं होतं. हलकी फौज, घोड्याच्या पाठीवरची शिदोरी, कुठल्या महिन्यात कुठली नदी किती पाण्यानं वाहते याचं भान, यांवरच तर मराठ्यांनी औरंगजेबाला पाव शतक झुंजवलं. महादजी शिंद्यांनी द बॉयन या फिरंगी सेनानीच्या हाताखाली कवायती कंपू, म्हणजे युरोपीय धर्तीच्या पलटणी, उभे केले, आग्र्याला उत्तम तोफा ओतवल्या, आणि ते काम थोर होतं यात मला शंका नाही. पण त्यांचे वारस दौलतराव शिंदे यांच्या वेळेपर्यंत कंपूंचे अधिकारी फिरंगी, त्यांची निष्ठा पगाराची, आणि फौजेमागे बाजारबुणग्यांचं अख्खं शहर. लढाई जाहीर होताच गव्हर्नर जनरलनं जाहीरनामा काढला, शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना पैसे मिळतील. कितीतरी निघून गेले.

वेलस्लीचा हिशेब उलटा होता. मराठ्यांशी लढायला पावसाळा चांगला, असं त्याचं मत होतं. नद्या भरल्या की घोडदळ अडकतं. आपण मात्र होड्या बरोबर नेल्या तर अडकत नाही. त्यासाठी त्यानं वेताच्या गोल टोपल्या विणून त्यांवर कातडं मढवून घेतलं, तुंगभद्रेवर चालतात तशा. खुद्द त्याचेही बैल त्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या छावणीत थंडीवाऱ्यानं मरत होते. ज्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याला गादीवर बसवायला तो आला होता, त्या बाजीरावाकडून मदत येत नव्हती. तक्रारी लिहीत लिहीत तो तयारी करत राहिला.

बाजीरावाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज मोडली, बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईला त्यानं इंग्रजांशी तहावर सही केली. त्या सहीची अंमलबजावणी म्हणजे वेलस्लीची स्वारी. १८०३ च्या एप्रिलमध्ये पुणं जाळलं जाईल अशी आवई आली, तेव्हा तो घोडदळ घेऊन शेवटचे साठ मैल दीड दिवसाच्या आत तोडत २० एप्रिलला पुण्यात पोचला. ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांशी बोलणी फिसकटली. ८ ऑगस्टला त्यानं नगरची पेठ शिड्या लावून घेतली, १२ ला भुईकोट किल्ला त्याच्या हाती आला. हे इंग्रज सकाळी आले, भिंत पाहिली, भिंतीवरून चालत गेले, आतले लोक मारले आणि न्याहारीला परतले, अशा अर्थाचे उद्गार गोखल्यांनी काढल्याचं इंग्रजांच्या लेखनात येतं. गोखले तेव्हा पेशव्यांच्या स्वारांबरोबर त्याच्याच छावणीत होते.

मग २३ सप्टेंबर. ठरल्याप्रमाणे कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येऊन मिळायची होती आणि हल्ला २४ ला व्हायचा होता. नळणीला तळ पडत असताना बातमी आली की शत्रू भोकरदनला नाही, अगदी जवळ आहे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. वेलस्लीनं थांबायचं नाही असं ठरवलं. त्याच्याकडे म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार धरून सगळे मिळून १०,००० च्या आत माणसं होती. समोर नुसतं कवायती पायदळच १०,००० च्या वर, शंभराच्या आसपास तोफा, आणि त्याशिवाय अफाट घोडदळ. कंपूंचा मुख्य होता पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन.

पिंपळगाव-वरुडचा उतार निघाला. पाण्यात असतानाच तोफा सुरू झाल्या आणि वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं गोळ्यानं उडालं. त्याला वाटलं होतं, शत्रूला वळायला वेळ लागेल. पण पोलमननं आपलं पायदळ झपकन नव्या बाजूला फिरवलं, कवायत उत्तम होती. मग जे झालं ते तीन तासांचं आहे, आणि ते वाचताना मला सेनापती दिसेनासा होतो, गोलंदाज दिसत राहतात. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. संगिनी येऊन भिडल्या तरी हलले नाहीत. इंग्रजांची रांग त्यांच्यावरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले काही जण उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीवर डागल्या. असई गावाच्या बाजूला चुकून सरकलेली ७४ वी पलटण जवळजवळ नाहीशी झाली. वेलस्लीचा एक घोडा मारला गेला, दुसऱ्या घोड्याला, डायोमिडला, भाला लागला.

संध्याकाळपर्यंत मैदान त्याचं झालं. ९८ तोफा हाती लागल्या. त्याच्या बाजूचे ४२८ मेले, ११३८ जखमी. त्याच्या माणसांची मोजणी एकेका आकड्यापर्यंत झालेली आहे. मराठ्यांच्या बाजूला अंदाजे सहा हजार, एवढंच. त्या ‘अंदाजे’त कुणाचे तात्या होते, ते कुठल्या गावचे, कुणाला कळवलं गेलं का? गोलंदाज तर उत्तर हिंदुस्थानातले पुष्कळ. गंगा-यमुनेकडून आलेली माणसं आमच्या केळणेकाठी तोफेला मिठी मारून मेली. माझ्यासाठी असई म्हणजे आधी ती माणसं.

त्या रात्री वेलस्लीला शांत झोप लागली नाही. जाग आली की आपले सगळे मित्र गेले असं वाटायचं, असं त्यानं पुढे सांगितलं. असा फायदा पुन्हा होणार असला तरी अशी हानी पुन्हा पाहायची इच्छा नाही, असं त्यानं लिहिलंही. जखमींना ठेवायला दौलताबादच्या किल्लेदारानं दार उघडलं नाही, तेव्हा त्यांना अजिंठ्याच्या गढीत नेलं. त्याच डोंगरात लेणी होती, आणि त्या लेण्यांपर्यंत इंग्रज पोचायला अजून सोळा वर्षं होती. कण्हणारी माणसं आणि मिटल्या डोळ्यांचे बुद्ध इतक्या जवळ होते. अजिंठ्याला गेले की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच्या फौजेत गोऱ्या पलटणी तीनच. बाकीचे कवायती शिपाई बहुतेक मद्रासकडचे तमिळ, तेलुगू. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती असईचाच. वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर दुभाषा म्हणून एक तेवीस वर्षांचा तरुण होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आणि नदीच्या दक्षिणेला पहाऱ्यावर ठेवलेल्या स्वारांत होते बापू गोखले. चौदा वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीला एल्फिन्स्टन एका बाजूला आणि गोखले दुसऱ्या बाजूला उभे होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू अष्टीला लढताना पडले. असईच्या संध्याकाळी ते काय विचार करत असतील? आपण कुणाला मोठं होताना पाहतो आहोत, हे त्यांना जाणवलं असेल का?

पुढचं लवकर घडलं. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावला लढाई झाली. असईला न डगमगलेल्या शिपायांच्या पलटणी इथे तोफांच्या पहिल्या फैरीला पळाल्या आणि वेलस्लीनं स्वतः पुढं होऊन त्यांना पुन्हा उभं केलं. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. बैल चढेनात अशा डोंगरवाटांवरून स्टीव्हन्सनच्या माणसांनी तोफा अंगानं ओढून नेल्या होत्या. किल्लेदार बेनीसिंग दरवाजात लढत मेला. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांचा तह, ३० ला सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा. कटक गेलं, नगर गेलं, भडोच गेलं, गंगा-यमुनेचा दुआब गेला. पाच महिन्यांत.

इतिहासाची पुस्तकं इथून बहुधा इंग्लंडला निघून जातात. मी थोडं इथेच थांबते, कारण १८०४ साली वेलस्लीही इथेच होता आणि दख्खनमध्ये दुष्काळ होता. १८०३ चा पाऊस शेवटी दगा देऊन गेला होता. त्याआधी दोन वर्षं होळकरांच्या, पेंढाऱ्यांच्या आणि सगळ्यांच्याच फौजांनी गावं खरवडून काढली होती. पेरायला बी नाही, ओढायला बैल नाहीत. ज्या बैलांच्या जोरावर लढाया जिंकल्या गेल्या आणि हरल्या गेल्या, ते शेवटी कुठल्या गोठ्यातून सुटून आले होते, हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं. नगरमध्ये माणसं रस्त्यात मरत होती. वेलस्लीनं तिथे धडधाकटांना काम देऊन त्याबदल्यात धान्य द्यायची आणि काम न होणाऱ्यांना खाऊ घालायची व्यवस्था लावली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या बायकांच्या गावात मी वाढले. ते वाचताना मला आधी त्याच आठवल्या. त्यानं केलं ते चांगलं केलं. पण वसईच्या तहाशिवाय, त्या स्वारीशिवाय तो दुष्काळ तेवढा खोल गेला असता का, हा प्रश्न मी त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. आणि बाजीरावाला, दौलतरावाला, यशवंतरावालाही.

मार्च १८०५ मध्ये त्यानं हिंदुस्थान सोडला. वाटेत सेंट हेलेना बेटावर तो ज्या घरी राहिला, त्याच घरी दहा वर्षांनी वॉटर्लूला त्याच्याकडून हरलेला नेपोलियन काही आठवडे राहिला. वॉटर्लूनंतर तो वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून युरोपभर पूजला गेला, पुढे इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. तरी आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं एकच शब्द उच्चारला, असई. मुंबईत रिगल सिनेमासमोर त्याच्या नावाचं कारंजं १८६५ पासून आहे. कॉलेजात असताना मी कितीदा तिथून बस पकडली, ते कुणाचं आहे हे न विचारता.

परवा भाद्रपदात मी पिंपळगावच्या बाजूला गेले होते. आता पूल आहे, त्यावरून ट्रॅक्टर जातात. काठावर एक म्हातारे गृहस्थ म्हशी घेऊन बसले होते. त्यांना विचारलं, ‘बाबा, इथला जुना उतार कुठं?’ त्यांनी लढाईबद्दल काही विचारलं नाही, मी कोण हेही विचारलं नाही. काठी उचलून पाण्यातली एक रेघ दाखवली. ‘त्या पांढऱ्या दगडापासून वाकडं धरायचं, सरळ नाही. सरळ गेलं की गाळ लागतो. पाणी मांडीइतकं हाय आज.’ मग पलीकडे बघून म्हणाले, ‘जायचंय का?’

मी चपला हातात घेतल्या.